वेकोलिला पहिला माल कसा द्याल: खदानीलगतच्या लहान कारखानदारासाठी

घुग्घुस, माजरी, वणी, बल्लारपूर, उमरेड. या गावांच्या रस्त्याला लागून वेल्डिंग, लेथ, मोटर रिवाइंडिंगची शेकडो दुकानं आहेत. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. खदानीत लागणारा रोलर, होस, ब्रॅकेट किंवा गार्ड मात्र कित्येकदा दुसऱ्या राज्यातून येतो. इथल्या हाताला ते काम जमत नाही असं नाही. मागणी कुठे निघते, कोणत्या शब्दांत निघते आणि कोणता कागद आधी तयार असावा लागतो, हे माहीत नसतं, आणि घोडं तिथेच अडतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे स्वतःचं वर्कशॉप आहे आणि जे स्वतः काहीतरी बनवतात किंवा दुरुस्त करतात. उदाहरण घेतलं आहे वेस्टर्न कोलफिल्ड्सचं, म्हणजे आपल्या वेकोलिचं. ही कोल इंडियाची उपकंपनी, मुख्यालय नागपूर. मॅंगनीजवाल्या मॉइलचं मुख्यालयही नागपुरातच आहे आणि तीही सरकारी कंपनी असल्यामुळे बहुतेक पायऱ्या तिथेही उपयोगी पडतील.

१. ‘स्थानिक’ या शब्दाचा गोंधळ आधी मिटवा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. टेंडरमध्ये ‘स्थानिक पुरवठादाराला प्राधान्य’ असं वाचलं की आपण चंद्रपूरचे म्हणून आपल्यालाच, असं वाटतं. तसं नाही. सरकारी खरेदीत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा नियम वेगळा आहे.

पहिली, ‘मेक इन इंडिया’चा २०१७ चा खरेदी आदेश. यात ‘स्थानिक’ म्हणजे भारतात झालेलं मूल्य. मालाच्या किमतीत देशातला वाटा ५० टक्के किंवा जास्त असेल तर तुम्ही प्रथम वर्ग स्थानिक पुरवठादार. २० ते ५० च्या मधे असेल तर द्वितीय वर्ग. लुधियानाचा कारखानदार या व्याख्येत तुमच्याइतकाच स्थानिक आहे.

दुसरी, सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं २०१२ चं खरेदी धोरण. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के या उद्योगांकडून करायची. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकांकडून आणि ३ टक्के महिला मालकांकडून. इथेही जिल्ह्याची अट नाही. पण तुमचा खरा आधार हाच.

तिसरी, प्रकल्पग्रस्त. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात प्रकल्पग्रस्तांना छोटे ठेके आणि सहकारी संस्था यांतून मदत करण्याची तरतूद आहे. जमीन गेली असेल तर क्षेत्रीय कार्यालयाच्या भूमी व महसूल विभागात लेखी विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका.

मग खदानीजवळ असण्याचा फायदा काय? कागदावर शून्य. प्रत्यक्षात मोठा आहे: वाहतूक खर्च कमी, नमुना दाखवायला अर्ध्या तासात जाता येतं, नाकारलेला माल त्याच दिवशी बदलता येतो, बंद पडलेली मोटर रात्रीतून वाइंड करून देता येते. हे भावात आणि मुदतीत उतरवलं तरच ते कामाला येतं.

२. काय विकायचं ते नीट निवडा

खदानीला लागणाऱ्या वस्तूंचे, नवख्याच्या नजरेने, तीन गट पाडता येतात.

पहिला गट वारंवार लागणाऱ्या साध्या वस्तूंचा: कन्व्हेअरचे रोलर आणि ब्रॅकेट, गार्ड, च्यूटच्या लायनर प्लेट, हायड्रॉलिक होस असेंब्ली, गॅस्केट, नट-बोल्ट, साइनबोर्ड, लोखंडी फर्निचर. दुसरा सेवांचा: मोटर रिवाइंडिंग, रेडिएटर दुरुस्ती, शाफ्टचं बिल्ड-अप आणि मशीनिंग, भाड्याच्या गाड्या. तिसरा सुरक्षेशी थेट जोडलेला: कॅप लॅम्प, भूमिगत खाणीतला आगरोधक पट्टा, ज्वालारोधी विद्युत उपकरणं, हेल्मेट, बूट. तिसऱ्या गटातल्या बऱ्याच वस्तूंना धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएमएसची मान्यता किंवा आयएस मार्क लागतो. तिथून सुरुवात करू नका. मान्यतेला वेळ आणि पैसा दोन्ही जातात, आणि मान्यता नसलेला माल कितीही चांगला असला तरी गेटच्या आत जात नाही. तसा तो जाऊही नये. खाली उतरलेल्या माणसाचा जीव त्यावर असतो.

पहिल्या गटातली एक वस्तू जवळून पाहू, म्हणजे ‘साधी’ याचा अर्थ कळेल. रोलर, म्हणजे कोळसा वाहणारा कन्व्हेअरचा पट्टा ज्यावरून सरकतो तो. ईआरडब्ल्यू (वेल्ड केलेल्या जोडाच्या) पाइपचा तुकडा, दोन टोकांना बेअरिंगची घरं, मधून शाफ्ट, दोन बेअरिंग, दोन सील. कोणताही लेथवाला म्हणेल, यात काय आहे. पण रोलर खराब होतो तो बहुतेक वेळा सीलपासून. सील ढिलं बसलं की कोळशाची भुकटी आणि पावसाळ्यात तिचा चिखल आत शिरतो, ग्रीस कडक होतं, बेअरिंग जाम होतं. पट्टा मात्र थांबत नाही. तो थांबलेल्या रोलरवरून घासत राहतो, पाइप एकाच बाजूने झिजत पातळ होतो आणि शेवटी त्याला पात्यासारखी धार येते. ती धार महागडा पट्टा उभा चिरते. त्याआधी जाम रोलर तापतो, आणि तापलेल्या लोखंडाखाली कोळशाची भुकटी साठलेली असेल तर आगच.

म्हणून तपासणीला येणारा माणूस रोलर हाताने फिरवून पाहतो, डायल गेज लावून पाइप किती डगमगतो ते मोजतो, शाफ्टच्या टोकांची सपाटी व्हर्नियरने मोजतो. ही सपाटी ब्रॅकेटच्या खाचेत बसते. ती १ मिमी जास्त राहिली तर २०० च्या २०० रोलर परत. डगमग येते ती घरं एकामागून एक वेल्ड केल्यामुळे: पहिल्या वेल्डने पाइप ओढला जातो आणि दुसरं घर तिरकं बसतं. दोन्ही टोकं फिक्स्चरमध्ये एकत्र धरून वेल्ड करा. रोलरसाठी आयएस ८५९८ हे मानक आहे. ते भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावरून घ्या आणि टेंडरसोबतचं ड्रॉइंग त्याच्या शेजारी ठेवून वाचा. दोघांत फरक असेल तर ड्रॉइंगप्रमाणे करायचं की मानकाप्रमाणे, हे भाव टाकण्याआधी लेखी विचारा.

आपली पहिली वस्तू एकच ठेवा. पाच वस्तूंचा कॅटलॉग टाकून एकही नीट न देण्यापेक्षा एका रोलरवर नाव झालेलं बरं.

३. कागदांची फाइल

टेंडर निघाल्यावर धावपळ करू नका. हे आधीच स्कॅन करून ठेवा:

- पॅन, जीएसटी नोंदणी, बँकेचा रद्द केलेला चेक
- उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) प्रमाणपत्र
- मागच्या ३ वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि ताळेबंद; उलाढालीचं सीएचं प्रमाणपत्र, त्यावर यूडीआयएन क्रमांक (सीएचं प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळता येतं तो) हवाच
- भागीदारी असेल तर करारपत्र, कंपनी असेल तर संचालकांचा ठराव, सही करणाऱ्याच्या नावे मुखत्यारपत्र
- वर्ग ३ ची डिजिटल सही, त्याच माणसाच्या नावे
- यंत्रसामग्री आणि मोजमापाच्या साधनांची यादी, गेज-व्हर्नियरच्या कॅलिब्रेशनचे दाखले
- प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, तुमच्या उद्योगाच्या वर्गाप्रमाणे
- आधीचे पुरवठा आदेश आणि त्यांची पूर्तता झाल्याचे दाखले, असतील तेवढे
- लागू असल्यास जातीचा दाखला

उद्यम नोंदणीबद्दल दोन शब्द जास्त. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं भरपूर आहेत, तिथे जाऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु.

आणि हा सापळा ठळक अक्षरात लिहून दुकानात लावा: उद्यममध्ये फक्त व्यापाराचा कोड टाकला असेल तर खरेदी धोरणाचा कोणताही फायदा मिळत नाही. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. बोलीसोबत भरायच्या बयाणा रकमेची सूट, भावातलं प्राधान्य, हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना. बनवता तुम्ही स्वतः, आणि नोंदणी करून देणाऱ्याने घाईत ‘होलसेल’चा कोड टाकलेला असतो. प्रमाणपत्र उघडा, खाली कोडची यादी असते, ती आजच पाहा. दुरुस्ती ऑनलाइन होते.

महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीचा लाभ घ्यायचा असेल तर भागीदारीत किंवा कंपनीत त्यांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. नुसतं बायकोचं नाव लावून कारभार दुसऱ्याने करायचा, हा रस्ता धरू नका. तक्रार झाली की काळ्या यादीत जाल.

४. दोन दरवाजे: जेम आणि कोल इंडियाचं ई-टेंडर पोर्टल

वस्तू आणि बऱ्याच सेवा जेमवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन खरेदी बाजारातून, घेतल्या जातात. बांधकाम, दुरुस्तीची मोठी कामं आणि जेमवर न बसणाऱ्या खरेद्या कोल इंडियाच्या टेंडर पोर्टलवर निघतात. दोन्हीकडे नोंदणी करा.

जेमवर नोंदणी सोपी आहे, पण वस्तूची ‘श्रेणी’ निवडताना चूक होते. चुकीच्या श्रेणीत कॅटलॉग टाकला की तुमच्या वस्तूची बोली निघूनही तुम्हाला सूचना येत नाही. वेकोलिच्या मागच्या बोल्या शोधा, त्यांनी रोलर कोणत्या श्रेणीत मागवला ते पाहा आणि तीच निवडा. पुष्कळशा खास वस्तू ‘कस्टम बिड’ म्हणून, ड्रॉइंग जोडून निघतात, म्हणून दर दोन दिवसांनी खरेदीदाराच्या नावाने शोध घेण्याची सवय ठेवा.

स्वतः उत्पादक म्हणून नोंद करायची असेल तर कारखान्याची पडताळणी होते. ती टाळून दुसऱ्याच्या ब्रँडचे विक्रेते म्हणून शिरलात, तर मूळ उत्पादकाचं अधिकारपत्र लागेल आणि वर सांगितलेला व्यापाऱ्याचा सापळा पुन्हा समोर उभा राहील.

५. टेंडर शेवटून वाचा

बोलीच्या पहिल्या दोन पानांवर नग, मुदत, तारीख असते. तुम्हाला बाद करणारी अट बहुतेकदा शेवटच्या जोडपत्रात, खरेदीदाराने स्वतः घातलेल्या जादा अटींमध्ये असते. म्हणून तिथून सुरुवात करा आणि या क्रमाने पाहा.

पूर्वानुभवाची अट. तांत्रिक वस्तूंसाठी कोल इंडियाच्या कंपन्या आधी असा माल खाणीत चालल्याचा पुरावा मागतात. सूक्ष्म-लघु उद्योग आणि स्टार्टअपना अनुभव आणि उलाढालीत सवलत देता येते, पण गुणवत्ता आणि तांत्रिक अटी पूर्ण करूनच. आणि सुरक्षेच्या वस्तूंना ती नाकारली जाऊ शकते. बोलीत ‘सवलत: होय’ लिहिलं आहे का ते पाहा. नसेल तर प्रश्न विचारण्याच्या मुदतीत लेखी विचारा. बोली उघडल्यानंतर केलेल्या विनंतीला काही अर्थ उरत नाही.

मग तपासणी कुठे: तुमच्या कारखान्यात, तिसऱ्या संस्थेकडून, की भांडारात माल पोचल्यावर? खर्च कोणाचा? मग वॉरंटी, विलंबाचा दंड, सुरक्षा ठेव. दंड साधारण दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त १० टक्के असा असतो. ४ लाखांच्या मालाला ३ आठवडे उशीर म्हणजे ६,००० रुपये, आणि ते बिलातून परस्पर कापले जातात.

शेवटी ‘माल कुठे द्यायचा’. एकाच आदेशातले २०० रोलर ४ वेगवेगळ्या क्षेत्रीय भांडारांत ५०-५० करून द्यायचे असू शकतात. उमरेड आणि बल्लारपूर एका दिवसात एका टेम्पोत होत नाहीत.

बोली शेवटच्या दिवशी भरू नका. सर्व्हर अडला, डिजिटल सहीचा टोकन संगणकाने ओळखला नाही, स्कॅनची साइज जास्त झाली, या तिन्ही गोष्टी दुपारी तीन वाजताच होतात. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोली सादर झालेली असावी.

६. भाव: १५ टक्क्यांचं गणित समजून घ्या

खरेदी धोरणाप्रमाणे, सर्वात कमी भाव लघु उद्योग नसलेल्याचा असेल आणि तुमचा भाव त्याच्या वर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच्या भावाला उतरून निदान २५ टक्के माल देण्याची संधी तुम्हाला मिळते. नग विभागता येत नसतील तर पूर्ण आदेशही मिळू शकतो.

समजा ४०० रोलर आहेत. मोठ्या कंपनीचा भाव १,००० रुपये. तुमचा १,१२०. तुम्ही १,१५० च्या आत आहात, म्हणून १०० रोलरची संधी, पण भाव १,००० चाच. इथे लोकांची गफलत होते: त्यांना वाटतं १,१२० मिळतील. तुमचा खरा खर्च १,०४० असेल तर ही संधी म्हणजे दर रोलरमागे ४० रुपयांचा तोटा. आणि सर्वात कमी भाव जर दुसऱ्या लघु उद्योगाचाच असेल तर हा १५ टक्क्यांचा पट्टा लागूच होत नाही. ठेका कामांनाही हे धोरण लागू नाही.

खर्च काढताना फक्त पाइप-बेअरिंग-मजुरी धरू नका. यात हेही घाला: टेस्टचा खर्च, नमुन्यासाठी तोडलेले २-३ नग, वाहतूक आणि उतराई, सुरक्षा ठेवीच्या बँक हमीचं कमिशन, आणि अडकलेल्या पैशाचं व्याज. ५ लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी ९०,००० जीएसटी लागतो. बिल जूनमध्ये काढलं तर कच्च्या मालावरचा कर वजा करून उरलेला २० जुलैपर्यंत भरायचाच असतो. वेकोलिचे पैसे आले की नाही, हे जीएसटी खातं विचारत नाही. निदान ९० दिवस पुरेल एवढं खेळतं भांडवल हाताशी नसेल तर पहिला आदेश लहानच घ्या.

रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे भाव खाली आणत जाण्याचा ऑनलाइन लिलाव, असेल तर खालचा आकडा आधी कागदावर लिहून संगणकाशेजारी ठेवा आणि त्याच्या खाली जाऊ नका. आदेश घेऊन पुरवठा न करणं हे आदेश न मिळण्यापेक्षा फार महागात पडतं.

७. तुमचा माल कुठून आला, याचा हिशेब

जबाबदार खरेदी हा शब्द कार्यशाळांतून ऐकू येतो आणि वाटतं हे मोठ्या कंपन्यांचं काम. ते अगदी तुमच्या गोडाऊनपर्यंत येतं. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या नियमाने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना दरवर्षी जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यावा लागतो आणि त्यात लघु उद्योगांकडून किती टक्के माल घेतला हेही सांगावं लागतं. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज काढणाऱ्या लॉइड्स मेटल्ससारख्या खासगी कंपन्यांनाही हे लागू आहे. त्यामुळे हे प्रश्न आता लहान पुरवठादारालाही विचारले जातात.

पोलाद. पाइप, प्लेट घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलाद कोणत्या घाण्यातलं ते सांगणारा क्रमांक) प्लेटवरच्या छापाशी जुळतो का ते तिथेच पाहा. प्लेट कापली की छाप दुसऱ्या तुकड्यावर जातो, म्हणून कापण्याआधी नंबर प्रत्येक तुकड्यावर पेंटने लिहा. भंगारातून आलेली स्वस्त प्लेट वेल्डला तडा देते आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

बेअरिंग. नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे. डबा, छाप, होलोग्राम सगळं हुबेहूब असतं. अधिकृत डीलरकडूनच घ्या, बिलावर बेअरिंग क्रमांक आणि नग लिहून घ्या. नामांकित कंपन्यांची पडताळणीची ॲप आहेत. मोठ्या लॉटमधले दोन-चार डबे तरी स्कॅन करा. भाव बाजारापेक्षा ३० टक्के कमी असेल तर ते बेअरिंग घेऊ नका, एवढं साधं आहे.

रेती, मुरूम, गिट्टी. छोटी बांधकामं घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. प्रत्येक खेपेचा वाहतूक पास राज्याच्या महाखनिज प्रणालीतून निघालेला हवा. पासवरचा गाडी नंबर, तारीख, ब्रास आणि ठिकाण प्रत्यक्षाशी जुळायला हवं. स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) पावत्या दिल्या नाहीत तर बिलातून ती रक्कम कापली जाते. विनापरवाना गौण खनिज सापडलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडीही जप्त होते. एकाच पासवर दोन खेपा मारणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडून माल घेऊ नका. वर्धा-पैनगंगेच्या काठावर रेतीमुळे काय झालंय ते आपण रोज पाहतोच.

काळं ऑइल आणि जुन्या बॅटऱ्या. मशीन दुरुस्तीची सेवा देत असाल तर निघालेलं ऑइल फक्त प्रदूषण मंडळाने अधिकृत केलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्यायचं, पावतीसह. नाल्यात ओतणं हा गुन्हा आहे, आणि विटाभट्टीला विकणंही.

यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक लॉटला एक क्रमांक द्या आणि त्यापुढे लिहा: पाइपचा हीट नंबर, बेअरिंगचं बिल, वेल्डरचं नाव, तपासणीची मापं. लॉट क्रमांक रोलरच्या शाफ्टवर पंच करा. सहा महिन्यांनी एक रोलर जाम झाला तर सगळे ४०० परत घ्यायचे की त्या लॉटमधले ४०, हे ती वही ठरवेल.

८. माणसं आत पाठवताना

नुसता माल भांडारात उतरवायचा असेल तर ड्रायव्हर-हमालाचा गेटपास आणि हेल्मेट-बूट पुरतात. काम खाणीच्या हद्दीत करायचं असेल तर गोष्ट बदलते. प्रत्येक कामगाराची सुरुवातीची वैद्यकीय तपासणी, व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रातलं प्रशिक्षण, नोंदवहीत नाव, आणि कोळसा खाणीत नेहमीच्या ईपीएफऐवजी सीएमपीएफ, म्हणजे कोळसा खाण कामगारांचा भविष्य निर्वाह निधी. खाणकामाशी संबंधित ठेका कामांना कोल इंडियाने मान्य केलेली ‘एचपीसी’ (उच्चाधिकार समितीने ठरवलेली) मजुरी लागू असते आणि ती किमान वेतनापेक्षा बरीच जास्त आहे. भाव टाकताना गावातला रोजंदारीचा दर धरला तर इथेच बुडाल, किंवा मग मजुराचं मारून खाल. मजुरी बँक खात्यातच द्या. खात्यात टाकून अर्धी रोख परत घेण्याची जी पद्धत काही ठेकेदारांनी पाडली आहे, ती चोरी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि ठेका परवान्याची मर्यादा ५० कामगारांवर गेली आहे. जुन्या ठेकेदाराकडून मागून घेतलेले नमुने तसेच भरू नका. क्षेत्राच्या कार्मिक विभागाकडून चालू नमुने घ्या. तपासणी आणि प्रशिक्षणाला दिवस जातात. कामाची मुदत मोजायला लागण्याआधीच माणसांची यादी देऊन टाका.

९. माल उतरवताना

सोबत न्यायचं: कर बिल, चलनाच्या तीन प्रती, पुरवठा आदेशाची प्रत, टेस्ट सर्टिफिकेट, वॉरंटीपत्र, वजनावर असेल तर काटा पावती, आणि लागू असल्यास ई-वे बिल. चलनावरचं वस्तूचं वर्णन आदेशातल्याशी अक्षरशः जुळवा. आदेशात ‘कॅरिंग आयडलर रोलर’ आणि चलनावर नुसतं ‘रोलर’ असेल तर भांडारातला माणूस नोंद थांबवतो, आणि त्याचं चुकत नाही.

सकाळी पोचा. दुपारनंतर आलेली गाडी बहुधा रात्रभर उभी राहते. चलनावर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. पुढचा सगळा हिशेब त्या तारखेपासून चालतो. जेमवर आधी माल मिळाल्याची तात्पुरती पावती निघते आणि तपासणीनंतर स्वीकृतीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘क्रॅक’ म्हणतात. ते निघालं की पैशाचं घड्याळ सुरू.

माल नाकारला तर कारण लेखी मागा, स्वतः व्हर्नियर घेऊन जा, त्यांच्यासमोर मोजा. दोष खरा असेल तर वाद न घालता बदलून द्या आणि किती दिवसांत द्याल ते लिहून द्या. दुसऱ्याच आठवड्यात नवा माल उतरवता येणं हाच खदानीजवळ असल्याचा फायदा.

१०. बिल आणि पैसे

बिल अडकण्याचं सर्वात सामान्य कारण म्हणजे जीएसटी. तुमचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, वेळेत गेलं नाही तर खरेदीदाराला ते बिल त्याच्या विवरणात दिसत नाही आणि कराची रक्कम रोखली जाते. महिन्याचं विवरण ११ तारखेपर्यंत. तुम्ही तिमाही विवरण भरत असाल तर पहिल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत वेगळी अपलोड करण्याची सोय आहे, ती वापरा. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी कंपनी २ टक्के जीएसटी टीडीएस कापते. ते तुमच्या जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये परत येतं, पण पोर्टलवर जाऊन ते स्वीकारावं लागतं. कित्येकांचे हे पैसे वर्षभर तसेच पडून राहतात.

पैशाची घाई असेल तर ट्रेड्स, म्हणजे लघु उद्योगांची बिलं मुदतीआधी वटवण्याची ऑनलाइन सोय, आहे: आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट यांसारखे मंच. वेकोलिने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे तुमच्या खात्यात येतात आणि पुढची वसुली बँक वेकोलिकडून करते. नोंदणीला आणि कागदपत्रांना काही आठवडे लागू शकतात, म्हणून बिल अडकल्यावर नव्हे, आदेश मिळाल्या दिवशीच नोंदणी सुरू करा.

उशीर झालाच तर एमएसएमई विकास कायदा, २००६ तुमच्या बाजूने आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस; लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. खासगी खरेदीदार असेल तर त्याला आयकर कायद्यातल्या तरतुदीची (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) आठवण द्या: वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट त्याला त्या वर्षी मिळत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हे पत्र फार काम करतं.

आधी क्षेत्राच्या वित्त विभागाला चलन, स्वीकृती आणि बिलाच्या तारखांसह लेखी स्मरणपत्र द्या, पोच घ्या. पंधरा दिवस वाट पाहा. मग एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे लघु उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करा. अर्जासोबत लागतं: उद्यम प्रमाणपत्र, पुरवठा आदेश, शिक्क्याचं चलन, बिल, आधीचा पत्रव्यवहार आणि व्याजाचा तक्ता. उद्यमची तारीख आदेशाच्या आधीची असू द्या, नाहीतर समोरचा वकील पहिली हरकत तीच घेतो.